कोरडी खेळपट्टी

मी तान्ह्या ईडीचे कपडे बॅगेत भरत होते आणि माझा नवरा जॉस दाराशी बसून रबरी बूट चढवत होता.

"कुठे निघालीस?" त्याने विचारलं.

"आईकडे. रस्ता बंद व्हायच्या आत."

"अगं, पाऊस पडतोय. प्रलय नाही आलेला."

मी खिडकीबाहेर बोट केलं. आमच्या परसाच्या कुंपणापलीकडे लिडन वाहते. एरवी ती इतकी लाजाळू असते, की पाहुण्यांना सांगावं लागतं की इथे नदी आहे. त्या सकाळी सांगायची गरज नव्हती. काल काठावर पडलेला ओंडका दिसेनासा झाला होता.

टॅनर्स रो ही ऑल्डरकोम गावातली सगळ्यात खालची ओळ. विटांची छोटी घरं, एकमेकांना चिकटलेली. भाडं परवडतं म्हणून आम्ही ती निवडली, आणि पहिल्याच हिवाळ्यात मला कळलं की भाडं का परवडतं. समोरचा रस्ता नदीच्या उतारावरून जातो. पूर आला की घरांच्या आधी तोच बुडतो. एकदा बुडला की बस नाही, डॉक्टर नाही, कोणी नाही. अग्निशामक दल शेजारच्या वॉरबर्नला, आणि तेही अर्धवेळ. त्यांच्यातला एक जण खाटीक आहे, तो आधी दुकान बंद करतो मग बंबावर चढतो. पूर्वी कौन्सिलच्या आवारात वाळूच्या पिशव्या मिळायच्या. ते आवार बंद झालं. मग गावच्या हॉलमध्ये एक हसतमुख तरुण येऊन सांगून गेला की यापुढे प्रत्येक गावाने आपली तयारी आपण करायची.

तशी गावाने केली. पूर-मंडळ काढलं, आणि प्रमुख कोण, हा प्रश्नच नव्हता. क्लाइव्ह हॅदरली. निवृत्त गुरांचे डॉक्टर. गावातल्या प्रत्येक गोठ्यात त्यांनी कोपरापर्यंत हात घालून वासरं बाहेर काढलेली, त्यामुळे त्यांच्या शब्दाला चर्चमधल्या पाद्रीबुवांपेक्षा जास्त वजन. क्रिकेट क्लबचे अध्यक्षही तेच. जॉस क्लबात नवा, आणि मंडळातही.

तयारी म्हणजे तरी काय, तर नदीला बसवलेला एक लोखंडी दरवाजा. आमच्या वरच्या अंगाला जुनी पाणचक्की आहे, तिच्याशेजारी. तो उघडला की पाणी क्रिकेटच्या मैदानावर पसरतं, काही दिवस तिथे तळं होतं, हंस येतात, मग ओसरतं. बंद राहिला तर ते सगळं खाली टॅनर्स रोकडे. तिथल्याच पुलाच्या खांबावर पांढरी रेघ मारलेली होती. पाणी रेघेला लागलं की दरवाजा उघडायचा. इतकं साधं, की पोरांनाही पाठ होतं.

"रेघेला लागलंय का?" मी विचारलं.

"जवळ आलंय. आम्ही निघालोच आहोत." जॉस उठला, रेनकोटची चेन ओढली. "हे बघ टॅम. दरवाजा उघडला की मी फोन करतो. मग तुला जायचं कारणच उरत नाही. आणि नाहीच उघडला, तर मी स्वतः येऊन तुम्हा दोघींना गाडीत घालून आईकडे सोडतो. झालं?"

"नक्की?"

"नक्की. आणि ती बॅग ठेव, ईडी बघ कशी टकामका बघतेय. तिलाही हवामान खातं करशील."

हवामान खातं हे माझं क्लबातलं नाव. नदीची पातळी फोनवर दिसते, ती मी सारखी बघते, म्हणून. कोणी वाईट मनाने म्हणत नाही. चहा देतानाही विचारतात, "काय हवामान खातं, साखर किती?" मी हसते. ईडी जन्मल्यापासून मला झोपेतही पाण्याचा आवाज ऐकू येतो, हे मी कोणाला सांगत नाही.

तो गेला. मी बॅग दाराशीच ठेवली.

जेवायच्या वेळेला फोन आला.

"उघडला," जॉस म्हणाला.

"तू बघितलास?"

"टॅम, मी इथेच उभा आहे. उघडलाय. जा, मस्त चहा कर."

त्याच्या मागे पावसाचा आवाज होता आणि कोणीतरी हसलं. मला ते हसणं आवडलं. माणसं हसतायत म्हणजे काम झालं, असं वाटलं.

बॅग मी वर नेऊन रिकामी केली. मग शेजारी ऑड्रीकडे गेले. ऑड्री म्हणजे आमच्या ओळीतलं सगळ्यात जुनं माणूस. कंबरेचं ऑपरेशन झालेलं, एकटी, एक मांजर. तिने बैठकीतला गालिचा निम्मा गुंडाळून खुर्चीला टेकवला होता आणि धापा टाकत बसली होती.

"उघडलाय दरवाजा," मी सांगितलं. "जॉसचा आत्ताच फोन आला."

"मग हे ध्यान कशाला गुंडाळायला घेतलं मी? पाठीचं पार वाटोळं झालं." ती हसली. "बरं झालं बाई सांगितलंस. मी मुलीला फोन करणार होते न्यायला ये म्हणून."

"आता नको करू. रस्त्याने येताना तिचेच हाल होतील."

आम्ही दोघींनी मिळून गालिचा पुन्हा पसरला. कोपरे मी पायाने दाबून सरळ केले.

पाणी पुढच्या दाराने येईल असं माणसाला वाटतं. ते मागून, खालून आलं. मी गाजरं सोलत होते, ईडी बाबागाडीत झोपली होती, आणि परसातल्या गटाराच्या जाळीतून कोणी पेल्याच्या तळचं सरबत ओढून घ्यावं तसा आवाज आला. मग सिंकखालच्या फळीतून तपकिरी पाण्याची जीभ बाहेर आली. पायपुसणं जमिनीवरून हलकेच उचललं गेलं आणि माझ्याकडे सरकलं. मी त्याच्याकडे बघतच राहिले. दरवाजा उघडलाय, मग हे कुठून येतंय, असा विचार मी खरंच केला. तेवढा वेळ वाया गेला.

ईडीला वर पाळण्यात ठेवलं. जॉसला फोन लावला, उचलला नाही. परत लावला, उचलला नाही. मग ऑड्री आठवली.

तिच्याकडे पोचेपर्यंत पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं. त्या पाण्याची थंडी हाडांत शिरत नाही, चावते. ऑड्री जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती आणि तिच्या सपाता समोर तरंगत होत्या.

"मांजर गेलं वर," ती म्हणाली. "मला कोण नेणार?"

तिला उभं राहून चढता येईना. मी तिच्या मागे, वरच्या पायरीवर बसले, तिच्या काखांत हात घातले आणि ओढलं. एक पायरी. मग मी वर सरकायचं आणि पुन्हा ओढायचं. भिंतीपलीकडे ईडी जागी झाली होती आणि रडत होती, आणि मला तिच्याकडे जाता येत नव्हतं. ऑड्री मधेच म्हणाली, "जा तू तिच्याकडे, मी बसते इथे." मी तिला गप्प बस म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी इतक्या मोठ्या बाईला असं बोलले.

दिवस मावळता मावळता वॉरबर्नची माणसं होडी घेऊन आली. त्यांच्यात खाटीकही होता.

पुढचे दिवस गावाने आम्हाला तळहातावर झेललं, हे खोटं नाही. कोणी सूप आणलं, कोणी गाद्या, कोणी भिंती वाळवायची यंत्रं. क्लाइव्ह आणि त्यांची बायको वेंडी टेकडीवर राहतात. वेंडीने ईडीला माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाली, "आमच्याकडे खोली रिकामी आहे. नाही म्हणायचं नाही." आम्ही तिथेच राहिलो. ऑड्रीला तिची मुलगी ब्रिस्टलला घेऊन गेली. छातीत कफ भरलेला, मांजर टोपलीत. गाडीत बसताना ती मला म्हणाली, "तू सांगितलं नसतंस तर मी आधीच गेले असते गं." रागाने नाही. नुसतीच म्हणाली.

ते वाक्य माझ्यात रुतून बसलं. कारण उत्तर माझ्याकडे नव्हतं. सगळं गाव एकच सांगत होतं. वेंडी पळीने सूप वाढता वाढता सांगायची, दुकानातला माणूस दूध देता देता सांगायचा: "दरवाजा उघडूनही एवढं पाणी. हवामानच बदललंय, त्याला कोण काय करणार." मीही मान हलवायचे. जॉस तेव्हा उठून चहा ठेवायला जायचा.

मग एका दुपारी ऊन पडलं म्हणून ईडीला बाबागाडीत घालून मी टेकडीमागच्या वाटेने खाली आले. ती वाट मैदानाला लागते.

मैदानावर गवत उभं होतं.

पूर जाऊन गेलेलं गवत मी बघितलंय. ते सगळं एका बाजूला विंचरल्यासारखं निजतं, त्यावर गाळाची साय असते, कुंपणाला काटक्या आणि प्लास्टिक लटकतं. इथे कुंपणाचा पाय स्वच्छ होता. पॅव्हेलियनच्या पायरीवर वाळकी पानं, कोरडी. आणि मधोमध खेळपट्टी. सप्टेंबरमध्ये मोसम संपल्यावर ती नवी केली होती. खास काळी चिकणमाती लांबून आणून, दाबून, वर बी पेरलेलं. त्यासाठी गावाने दोन उन्हाळे केक विकले. मीही लिंबाचे केक केले, पोटात ईडी असताना, ओट्याला टेकून. आता तिच्याभोवती खुंट्यांना बांधलेली दोरी तशीच ताणलेली होती. पाखरं बसू नयेत म्हणून दोरीला लावलेल्या पांढऱ्या फिती वाऱ्यावर उडत होत्या, धुतल्यासारख्या. आणि कोवळं गवत बोटभर वर आलं होतं.

मी गाडीचा ब्रेक लावला आणि बराच वेळ तिथे उभी राहिले. ईडी फितींकडे बघून हात हलवत होती.

घरी आले तेव्हा क्लाइव्ह मागच्या ओसरीत बूट घासत होते.

"क्लाइव्ह, मैदानावर पाणी आलंच नव्हतं."

त्यांचा ब्रश थांबला नाही, हळू झाला. "बस पोरी."

"मी उभी बरी आहे."

"थोडं थांबून बघू, असं ठरलं. पाऊस उघडत होता. बी नुकतं रुजलेलं. एकदा पाणी बसलं असतं तर सगळं गेलं असतं, तुलाही माहीत आहे."

"पाणी रेघेला लागलं होतं?"

"लागलं होतं."

"मग ठरवलं कोणी?"

"तिथे होतो त्या सगळ्यांनी. हात वर करून मत घेतलं. एकट्याने ठरवणं बरं दिसत नाही."

मला हसू आलं असतं, इतकं ते आमच्या गावासारखं होतं. जत्रेत केकचं टेबल कुठे मांडायचं, यावरही इथे हात वर होतात. भर पावसात, पुलावर, रेघ बुडत असताना त्यांनी ठराव मांडला, कोणीतरी अनुमोदन दिलं, आणि हात मोजले.

"आणि मग?"

"मग पाणी वाढलं तेव्हा गेलो उघडायला." त्यांनी ब्रश खाली ठेवला. "पण एकदा वरून दाब आला की तो दरवाजा बसतो घट्ट. सगळ्यांनी जोर लावला. जागचा हलला नाही. तो आधीच उघडावा लागतो."

"हे तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी ब्रश पुन्हा उचलला.

"आणि टॅनर्स रोमधून कोणाला विचारलंत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "जॉस होता की. त्याने सांगितलं नाही तुला? तो म्हणाला, टॅमला मी सांभाळतो. आणि तिथूनच फोन लावला ना त्याने."

आत वेंडीने रेडिओ जरा मोठा केला.

दुसऱ्याच्या घरात नवराबायकोचं भांडणसुद्धा कुजबुजत करावं लागतं. त्या संध्याकाळी पाहुण्यांच्या खोलीत, वेंडीने इस्त्री केलेल्या चादरीवर बसून आम्ही ते केलं. ईडी मधे पडून स्वतःचा पाय तोंडात घालत होती.

"तू हात वर केलास?"

"नाही."

"विरुद्ध केलास?"

"टॅम, सगळे बघत होते. मी नवा आहे तिथे. आत्ता कुठे क्लबच्या टीममध्ये घेतलंय."

"म्हणजे हात खिशात होते."

त्याने ईडीच्या तोंडातला पाय काढला.

"आणि फोन?"

"मला वाटलं, अर्ध्या तासात उघडणारच आहोत. अर्ध्या तासाने ते खरं होणारच होतं." त्याने आवाज आणखी खाली आणला. "आणि तू घाबरतेस किती, तुला माहीत आहे. तू सगळ्यांना फोन केले असतेस. ओळीतली सगळी माणसं गाड्या घेऊन निघाली असती."

"हो. निघाली असती."

"तुला त्रास नको म्हणून केलं मी."

"मागे कोण हसलं होतं?"

"काय?"

"तू उघडलाय म्हणालास तेव्हा मागे कोणीतरी हसलं."

त्याने नजर ईडीकडे वळवली आणि मला उत्तर मिळालं. हसले असतील, हवामान खात्याला कसं पटवलं म्हणून. मी फोनवर ज्याला काम झाल्याचा आवाज समजले, ते हे हसणं होतं. त्या हसण्यावर विश्वास ठेवून मी माझ्या हातांनी ऑड्रीचा गालिचा पसरला होता.

"मी पळत येत होतो गं नंतर," जॉस म्हणाला. "रस्त्यावर छातीइतकं पाणी होतं. मला येताच आलं नाही."

ते खरं असणार. मला त्याचा काही उपयोग नव्हता.

डिसेंबरात काउंटी कौन्सिलकडून एक बाई पुराच्या चौकशीला आल्या. हॉलमध्ये सगळे जमले, नेहमीसारखा चहा, नेहमीसारखी बिस्किटं. बाईंनी विचारलं, "दरवाजा वेळेवर उघडला होता का?"

क्लाइव्ह उभे राहिले. "परिस्थिती पाहून योग्य तो निर्णय घेतला गेला."

"म्हणजे उघडला?"

"पाण्याचं प्रमाण असाधारण होतं."

मी जॉसकडे पाहिलं. तो माझ्या शेजारीच बसला होता, ईडी त्याच्या मांडीवर. त्याला फक्त एक शब्द बोलायचा होता. मी वाट पाहिली. मनात म्हटलं, आत्ता बोलला तर मी बाकीचं सगळं गिळेन. त्याने ईडीची टोपी काढली, सरळ केली, पुन्हा घातली. बाई कागदावर काही लिहू लागल्या.

"उघडला नव्हता," मी म्हणाले. "खेळपट्टी भिजू नये म्हणून थांबले. आणि मग उघडेना. मला मात्र फोनवर उघडलाय म्हणून सांगितलं, आणि मी ते शेजारी जाऊन सांगितलं."

कोणी ओरडलं नाही. मागे एक खुर्ची करकरली. दुकानातला माणूस म्हणाला, "आणखी कोणाला चहा?" आणि बऱ्याच जणांना एकदम चहा हवा झाला.

बाहेर पडताना वेंडीने माझ्या कोटाची कॉलर नीट केली. "तुझं बरोबर असेलही," ती म्हणाली. "पण ज्यांच्या घरी राहतेस, त्यांच्याबद्दल चारचौघांत? आधी आमच्याशी बोलायचं होतंस."

"बोलले होते. तुम्ही रेडिओ मोठा केलात."

तिने हात मागे घेतला. त्याच आठवड्यात आम्ही आमच्या घरी परत आलो, भिंती ओल्या असतानाच. मला गावात अजूनही सगळे नमस्कार करतात. साखर किती, असं विचारत नाहीत. हवामान खातं तर कोणीच म्हणत नाही. मला वाटलं होतं त्या नावाचा मला राग आहे.

फेब्रुवारीत लिडन पुन्हा वर आली. पूर-मंडळ तेच होतं, दरवाजाही तोच. चौकशीतून एवढंच निघालं की यापुढे मत घ्यायचं नाही, रेघेला पाणी लागलं की उघडायचा. जॉस सकाळीच गेला. या वेळी त्याने काही वचन दिलं नाही आणि मी मागितलं नाही. ऑड्रीच्या घरात आता कोणी नव्हतं. ती ब्रिस्टललाच राहिली होती.

फोन वाजला तेव्हा मी ईडीला छातीशी बांधून, वरून माझा मोठा रेनकोट घालून, रस्त्यावर निम्म्यात पोचले होते.

"उघडला, टॅम. शपथ. या वेळी खरंच."

"बरं," मी म्हणाले आणि चालत राहिले.

पुलावर पोचले तेव्हा ते सगळे तिथे होते, टोप्यांवरून पाणी गळत असलेले. क्लाइव्हनी मान किंचित हलवली आणि पुन्हा मैदानाकडे पाहू लागले. दरवाजा पूर्ण वर होता. पाणी त्यातून आवाज करत जात होतं आणि मैदानभर पसरत होतं, हिरव्यावरून तपकिरी, कडांनी आधी, मग मधे. खेळपट्टीची दोरी एका बाजूने सैल झाली, खुंटी उपटली गेली. सगळे तिकडेच बघत होते. त्यांनी तिच्यासाठी किती केलं होतं ते मला माहीत होतं, आणि मला त्यांचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचाच राग आला.

जॉसने मला पाहिलं. फोन अजून त्याच्या हातात होता.

"म्हटलं ना उघडलाय म्हणून."

"हो."

"मग एवढ्या पावसात आलीस कशाला? पोरीला घेऊन?"

मी रेनकोट ईडीच्या डोक्यावर ओढला. त्यालाही उत्तर नको असावं. तो जवळ आला, छत्री उघडली आणि आमच्यावर धरली. तो स्वतः भिजत होता.

"चल घरी," तो म्हणाला. "आता खाली पाणी येत नाही. आलंच तर मी आहे."

"तू हो पुढे. मी बघते थोडा वेळ."

तो पुढे गेला नाही. छत्री धरून उभा राहिला, आणि मी पाण्याकडे बघत राहिले, खेळपट्टी सगळी दिसेनाशी होईपर्यंत.